सुभद्रा जिती हाय

"सुभद्रा जिती हाय," मोहनराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, आणि बद्रीनाथला आधी वाटलं की ते चारा छावणीतल्या एखाद्या म्हशीबद्दल बोलताहेत. त्या उन्हाळ्यात दूध संघात म्हशींच्या जगण्यामरण्याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. संकलन निम्म्यावर आलं होतं, बिंदुसरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, बीड शहरात नळाला पंधरवड्यातून एकदा पाणी येत होतं आणि खिडकीखाली दुधाच्याच टँकरमधून पाणी वाटलं जात होतं. "कोण सुभद्रा?" त्यानं विचारलं. "अहो तुमची. झऱ्याची सुभद्रा." मोहनराव हसले. ते संघाचे चेअरमन. हसताना त्यांचे डोळे हसत नाहीत, हे बद्रीनाथनं फार वर्षांपूर्वीच हेरून ठेवलं होतं. "युसूफ वडगावला सापडली. नवरा वारला तिचा, त्याच्या दहाव्याला सगळ्या बायांत बसून बोलली म्हणे, मीच ती. तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं कळवलं. उद्या आपल्या सुवर्णमहोत्सवाला नाटकाचा शेवटचा अंक ठेवलाय ना, तो झाला की ही खरी सुभद्रा स्टेजवर. साडीचोळी, नारळ. तुमीच आणा तिला, तुमच्याइतकं ते नाटक कुणाला पाठ हाय?" बद्रीनाथच्या तोंडून एवढंच निघालं, "पण ती तर मेली." मोहनरावांनी बशी खाली ठेवली. "नाटकात," ते म्हणाले.

नाटकात. हा शब्द तो घरी घेऊन आला, आणि जेवताना, अंथरूण टाकताना तो घशात अडकलेल्या कुसळासारखा टोचत राहिला. 'संगीत झरा सुभद्रेचा' हे नाटक आहे हे काय त्याला ठाऊक नव्हतं? लिंबागणेशच्या धुळाजी शाहिरांनी बाहत्तरच्या दुष्काळानंतर ते रचलं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जिल्ह्यातली एक जत्रा त्याच्याशिवाय गेली नाही. गाव पाण्यावाचून उठायला निघालेलं, बैलगाड्या जुंपलेल्या, आणि नवी सून सुभद्रा पहार घेऊन कोरड्या विहिरीत उतरते. वर सासू हाका मारते, नवरा हाका मारतो, ती वर येत नाही. खडक फुटतो, झरा लागतो, पाणी चढतं, आणि चढत्या पाण्यातून तिचं गाणं वर येतं: 'खाली गेले मी माये, पाणी वर धाडते, घागर भरून घे गं, मी मागं ऱ्हाते.' हे खरं घडलेलं आहे असं शाहीर सुरुवातीलाच कपाळाला हात लावून सांगायचे. गावाचं नाव घ्यायचे, सासऱ्याचं नाव घ्यायचे. त्या विहिरीला त्या गावच्या बाया अजून हळदकुंकू वाहतात. बद्रीनाथनं ते नाटक किती वेळा पाहिलं याचा हिशेब नव्हता. ऑफिसात कुणी निवृत्त झालं की त्याला 'खाली गेले मी' म्हणायला लावत. लग्नानंतर बायकोला त्यानं पहिल्यांदा बाहेर नेलं ते या नाटकाला. आणि आता एक म्हातारी उठून म्हणते, मीच ती. का? आत्ताच का? नवरा असेपर्यंत का नाही? संघाची निवडणूक दिवाळीनंतर आहे. मोहनरावांना अशी एक म्हातारी हवीच होती. ती कुणी शिकवून ठेवलेली असणार. प्रश्न विचारायचे, त्यानं ठरवलं. विहीर किती परस खोल, पहार कुणाची, सासूचं नाव काय. तो नाटकाच्या आधारानंच तिला तपासणार होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पण त्याला झोप लागत नव्हती ती मोहनरावांमुळे नव्हे. पलीकडच्या खोलीत आई होती. तुळजाबाई, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, अंगानं वाळलेल्या शेंगेसारखी. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती, त्यामुळे घरात दोघंच. आईला हे सांगायचं का? सुभद्रा आईची होती. त्याच बाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याची थोरली बहीण छबू सासरी विहिरीत गेली होती. तो तेव्हा दुसरी-तिसरीत. सांगावा घेऊन एक माणूस आला, तो उंबऱ्याच्या आत आला नाही, बापाच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि बाप तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "झालं. तिकडंच उरकलं." पोहऱ्यात पाणी येत नव्हतं म्हणून खाली उतरली, पाय घसरला. बस, एवढंच. घरात त्यानंतर कुणी बोलत नव्हतं. आई भाकरी थापता थापता मधेच थांबायची आणि तवा तांबडा होईपर्यंत तशीच बसायची. मग पुढच्या की त्याच्या पुढच्या साली बाप सगळ्यांना नारायणगडाच्या जत्रेला घेऊन गेला, आणि तिथं गॅसबत्तीच्या उजेडात सुभद्रा विहिरीत उतरली. आई त्या रात्री पहिल्यांदा मोठ्यानं रडली. परत येताना गाडीत ती बद्रीनाथला म्हणाली होती, "बघ, आपली छबू बी अशीच गेली. पानी घेऊन यायला गेली." त्यानंतर दर वर्षी बाप त्यांना नेत राहिला. देवाला जावं तसे ते जात. छबूचा चेहरा विसरत गेला तसा त्याच्या मनात सुभद्रेचं काम करणाऱ्या नटीचा चेहरा तिथं येऊन बसला, तोही पुढे बदलला, नट्या बदलल्या तसा. एक बहीण गेली होती आणि तिच्या जागी एक गाणं होतं. आता त्या गाण्यातली बाई युसूफ वडगावला पत्र्याच्या घरात बसून दहाव्याचं जेवण वाढत होती. त्याला तिचा राग आला. तिनं मरायला हवं होतं, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं, आणि तो उठून पाणी प्यायला.

सकाळी तो संघाची जीप घेऊन एकटाच निघाला, ड्रायव्हर छावणीवर होता. मांजरसुंब्याचा घाट चढताना दोन्ही बाजूंची रानं भाजलेल्या कातड्यासारखी दिसत होती. केजच्या पुढं मांजरेच्या पुलावरून खाली पाहिलं तर पात्रात खड्डे खणून बाया वाटीनं पाणी भरत होत्या. युसूफ वडगावला सोसायटीच्या सेक्रेटरीनं घर दाखवलं आणि तो मागं सरला. हाही काहीतरी लपवतो आहे, बद्रीनाथला वाटलं. दारात एक बाई उभी होती. ठेंगणी, रुंद हाडांची, पांढरं होत आलेलं डोकं, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. तिच्या चेहऱ्यात कुठल्याच नटीचं काही नव्हतं. ती लगेच गाडीत बसली, पदर गुडघ्याखाली खोचला, आणि म्हणाली, "त्यांचं नाव घेनार न्हवं?"

"कुणाचं?"

"आमच्या मालकांचं. राधाकिशन. चेअरमनसायबांच्या मानसाला मी सांगितलंय. नाव घेनार असताल तर येते, न्हाईतर न्हाई."

बद्रीनाथनं गाडी चालू केली. म्हणजे हे आधीच ठरवाठरवीचं आहे, हिची अट आहे. तो मनात गाठ मारत गेला. वडगाव मागं पडल्यावर त्यानं उलटतपासणीला सुरुवात केली. "विहिरीत तुम्ही पहार घेऊन उतरलात?"

"न्हाई."

"मग?"

"मी उतरलेच न्हाई कवा." ती बाहेर बघत होती. "विहिरीत ते उतरले व्हते. राधाकिशन. सुरुंगाचं काम करायचे. हिर खोल करायला सासऱ्यानं बोलावलं व्हतं. मी त्यांना भाकर न्यायचे दुपारची."

ती सांगत गेली, न विचारता, सपाट आवाजात, रोजच्या कामाचं सांगावं तसं. सासरी उपाशी ठेवत. दुष्काळ होताच, पण ज्वारीची पेवं भरलेली होती, ती फक्त तिला दिसू देत नसत. नवरा मारायचा, तेही असं सांगितलं की त्यात नवरा वाईट असल्याची तक्रार नव्हती. सुरुंगवाला तिनं आणलेली भाकर अर्धी करून तिलाच द्यायचा. "आधी मला वाटलं, ह्याला भूक कमी असंल," ती म्हणाली. काम संपायच्या दिवशी त्यानं शेवटचा बार भरला आणि विचारलं, येतीस का? तिनं विहिरीच्या काठावर घागर ठेवली, बांगड्या काढून घागरीत टाकल्या आणि त्याच्यामागं चालू लागली. मागं बार उडाला. सकाळी गावानं पाहिलं तर विहिरीत पाणी, आणि काठावर घागर. "सासऱ्यानं वळखलं असंल. पर सून पळाली म्हनन्यापरीस हिरीनं घेतली म्हनलेलं बरं. मग सगळं गावच म्हनाया लागलं. पानी काढलं त्यांनी, नाव झालं माझं."

बद्रीनाथ सासूचं नाव, विहिरीची खोली, सगळं विसरून गेला होता. खोटं बोलणाऱ्या माणसाला आपलं मोठेपण सांगायचं असतं. ही तर स्वतःचं काढून दुसऱ्याला देत होती. की हाच तिचा कावा? ही बाई खोटी असावी म्हणून तो धडपडत होता आणि त्याच्या हाताला काहीच लागत नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, "नाटक पाहिलंत का कधी?" तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा एकदम उजळला. "लई वेळा! ऊसतोडीहून आलो की जत्रा धरायचो आमी. पार मागं बसायचो, तोंडावर पदर घेऊन. ती आत उतरली का मला सहनच व्हत नसे, रडून रडून डोळे सुजायचे. हे म्हनायचे, अगं तू जिती हायस की. मी म्हनायचे, मी हाय वो, पर ती कुठं हाय?" ती हसली. "मला ते गानं सगळं येतं," ती म्हणाली, पण म्हणून दाखवलं नाही.

घाट उतरताना त्याच्या मनात एक गोष्ट हळूच वर आली, आणि ती वर येईतो तिच्यावर त्याचं लक्ष नव्हतं. बाप सोयऱ्याच्या गावाहून परत आला तेव्हा त्यानं आंघोळ केली नव्हती. माणूस माती देऊन आला की दारातच त्याच्या अंगावर पाणी घालतात. बाप सरळ आत आला होता, घोंगडीवर बसला होता आणि त्यानं पान खाल्लं होतं. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण पाणीच नव्हतं. त्या साली कोण आंघोळ करत होतं? पण तांब्याभर तरी? चूळभर तरी? आणि 'तिकडंच उरकलं' म्हणजे काय उरकलं? छबूला कुणी पाहिलं होतं? आईला नेलं नव्हतं. चुलत्यांना नेलं नव्हतं. बाप दर वर्षी नाटकाला न्यायचा, सुभद्रा विहिरीत उतरायच्या वेळी तो मंडपाबाहेर तंबाखू मळत उभा राहायचा. बद्रीनाथला वाटायचं बापाला बघवत नाही. जीप घाटाच्या वळणावर जरा जास्तच कडेला गेली आणि बाई म्हणाली, "सांभाळा." त्यानं गाडी सरळ केली. बापाला जाऊनही आता तप झालं होतं. त्याचं गंध लावलेलं कपाळ, त्याचा कोरडा खोकला, गाडीत बसल्यावर 'बरं झालं नाटक' म्हणण्याची त्याची रीत, ही सगळी एकेक करून त्याच्यापुढं उभी राहिली आणि प्रत्येकानं नजर चुकवली. काल रात्रीपर्यंत त्याला ही बाई पुसून टाकावीशी वाटत होती. आता ती खरी असावी असं त्याला इतकं वाटायला लागलं की त्याची त्यालाच भीती वाटली.

कार्यक्रम संघाच्या आवारात होता, मोठ्या मंडपात. गावोगावच्या सोसायट्यांनी ट्रक भरून बाया आणल्या होत्या. शेवटचा अंक झाला. कॉलेजची एक मुलगी सुभद्रा झाली होती, गळा गोड होता, पण बद्रीनाथ तिच्याकडे पाहत नव्हता. तो पहिल्या रांगेत बसलेल्या म्हातारीकडे पाहत होता. ती रडत होती. तिच्यामागच्या बायाही रडत होत्या, कितीएकींनी हात जोडले होते. मग मोहनराव बोलायला उभे राहिले. सहकाराबद्दल बोलले, त्यागाबद्दल बोलले, या मातीतल्या लेकीबद्दल बोलले. विहिरीतून तिला देवानं कसं वाचवलं ते सांगितलं. म्हातारी मान पुढं करून ऐकत होती, कुणाचं तरी नाव पुकारलं जाण्याची वाट बघावी तशी. नाव आलं नाही. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, तिला वर नेलं, अंगावर साडी पांघरली, आणि कुणीतरी तिच्या तोंडापुढं माईक धरला. ती थोडा वेळ मंडपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी सुभद्रा न्हाई. सुभद्रा हिरीत गेली. मी तिचं नाटक बघायला येत असते." साडीची घडी तिनं टेबलावर ठेवली आणि जिना उतरून खाली आली, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

मंडपात आधी कुजबुज, मग हसू. स्टेजमागच्या खोलीत मोहनरावांनी बद्रीनाथला दंडाला धरलं. इतक्या वर्षांत ते त्याला अहोजाहोच करत आले होते. "काय बे, कुठली म्हातारी उचलून आणलीस? साऱ्या जिल्ह्यापुढं तमाशा केलास माझा." खिडकीतून ती दिसत होती, मंडपाच्या कनातीजवळ सावलीत उकिडवी बसलेली. तो सांगू शकला असता की तीच खरी आहे. आपण एकटेच आता हे जाणतो, आणि काल रात्री ही खोटी ठरावी म्हणून आपणच देव पाण्यात घातले होते, हे त्याला कळलं. "चूक झाली साहेब," तो म्हणाला. "दुसरीच बाई निघाली." मोहनरावांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता, हे त्यांच्या डोळ्यांत होतं. "सोमवारपासून पाटोद्याच्या शीतकेंद्रावर जा," ते म्हणाले. पाटोद्याचं केंद्र दोन वर्षांपासून बंद होतं.

ती सकाळपासून उपाशी होती म्हणून तो तिला घरी घेऊन आला. गाडीत त्यानं विचारलं, "असं का केलंत?" ती म्हणाली, "त्यांचं नाव घेतलं न्हाई. मग मी कशाला घेऊ माझं?" मग थोडं अंतर गेल्यावर, "आन् त्या बाया रडत व्हत्या वो. त्यांच्यापुढं मी जिती कशी उभी ऱ्हाऊ?" तिचा आवाज स्टेजवर होता तसाच होता. इतक्या हजार माणसांपुढं ही बाई न कापता खोटं बोलली. मग सकाळी जीपमध्ये जे बोलली त्याचं काय? संशय पुन्हा मागच्या दारानं आत आला. आईला काही सांगायचं नाही, युसूफ वडगावची ओळखीची बाई आहे म्हणायचं, एवढं त्यानं ठरवून टाकलं.

आई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. "कोन आलंय?" तिनं विचारलं, आणि त्यानं ठरवलेलं बोलायच्या आत पुढं म्हणाली, "नाव काय गं बाई तुझं?"

"सुभद्रा."

"नाटकातल्यावानी," आई म्हणाली.

"तीच मी, आक्का." म्हातारी आईसमोर खाली बसली. तिथं माईक नव्हता, साडी नव्हती, आणि तिला नाकारायला काही उरलं नव्हतं बहुतेक. बद्रीनाथ स्वयंपाकघराच्या दारात ताट हातात धरून उभा राहिला. आई आता कोसळेल असं त्याला वाटलं. आईनं फक्त हात पुढं केला आणि त्या बाईचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी, डाळ निवडावी तसा. "मग तू गेली न्हाईस म्हन की हिरीत."

"न्हाई."

"पळालीस?"

"व्हय."

"बरं केलंस," आई म्हणाली.  रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, त्याच्यामागं बायांच्या घागरींचा आवाज गेला. आणि मग आईनं विचारलं, आवाज एकदम खाली आणून, जणू दारात कुणी पाळत ठेवून आहे: "पळून ऊसतोडीलाच फिरली असशील न्हवं तू. कऱ्हाडाकडं, सांगलीकडं. तिकडं आमची छबू दिसली का गं कुठं?"

ताट त्याच्या हातात होतं. ते खाली ठेवायला जागा कुठं आहे हे त्याला आठवेना. म्हणजे छबू मेली हे आईनं कधी मानलंच नव्हतं. बापानं आंघोळ केली नाही, हे आईनं त्याच दिवशी हेरलं होतं. पितरांच्या पंधरवड्यात छबूच्या नावाचं पान वाढायला ती कधी तयार होत नसे, दिल्या घरचे बघतील म्हणायची. आणि तो समजत आला की तिला ते सोसत नाही. नाटकाला ती रडायची ते कशासाठी, हे त्याला कधीच माहीत नव्हतं. सबंध आयुष्य तो तिला जपत आला होता आणि तिनं त्याला एक गोष्ट सांगितली नव्हती, की तिचा यातल्या कशावरच विश्वास नाही.

 सुभद्रेनं एकदा दारातल्या बद्रीनाथकडे पाहिलं. "कशी व्हती दिसायला?"

"उंच. सावळी. हसली की डोळे मिटायचे."

"कऱ्हाडाच्या अंगाला एका कारखान्यावर व्हती एक," ती सावकाश म्हणाली. "आपल्याकडचीच, बीडाची. बोलन्यावरनं कळायचं. कुनासंगं जादा बोलायची न्हाई. उंच व्हती. डाव्या हातानं कोयता चालवायची, म्हनून ध्यानात ऱ्हायली."

"डावरीच व्हती ती," आई म्हणाली. ताबडतोब म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

बद्रीनाथ आठवू लागला. छबू त्याला कडेवर घ्यायची, कुठल्या कडेवर? केस विंचरायची, फणी कुठल्या हातात? ती ओढ्याकाठी दगड मारून बोरं पाडायची, आणि तो दगड भिरभिरत जाताना दिसला, बोरं पडताना दिसली, पण हात दिसला नाही. जिथं हात असायला हवा तिथं नटीचा बांगड्या भरलेला हात होता, पहार धरलेला. बाई जेवली. आईनं बद्रीनाथला वाढायला लावलं, आणखी कालवण घे म्हणाली, आणि निघताना तिचे दोन्ही हात हातात घेऊन कितीतरी वेळ सोडले नाहीत.

तो तिला परत वडगावला सोडायला निघाला. केज आलं, गेलं. त्याला विचारायचं नव्हतं आणि तो विचारल्याशिवाय राहणार नव्हता. "डाव्या हाताचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. जी बाई मी पाह्यली तिचं सांगितलं."

"खरंच पाहिली?"

"व्हय."

"तिचं नाव छबू होतं?"

"नाव न्हाई इचारलं मी," ती म्हणाली. "तिकडं गेलेल्या बायांना आमी नाव इचारत नसू. माझं तरी कुनी इचारलं व्हतं? मी शकुंतला म्हनून ऱ्हायले बारा-तेरा साल."

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, खोटं बोलताना माणसाचं काहीतरी हलतं ते शोधत. काहीच हललं नाही. स्टेजवरही हललं नव्हतं. दारात उतरल्यावर ती म्हणाली, "कारखान्याचं नाव मला वाचता आलं न्हाई कवा. पर नदीच्या काठाला व्हता, आन् पलीकडं टेकडीवर पांढरं देऊळ दिसायचं. दिवाळी झाल्यावर टोळ्या निघत्यात. कुनालाबी इचारा." आणि आत गेली.

तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं भाकरी केल्या होत्या. कितीतरी वर्षांत तिनं चुलीपाशी हात लावला नव्हता. कडा करपल्या होत्या, एक भाकरी मधोमध फाटली होती. ती ताटावर बसली होती आणि त्याची वाट बघत होती. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. आई, छबू खरंच डावरी होती का? एवढंच. तिला ठाऊकच असणार, तिच्या पोटची पोर. ती हो म्हणाली तर त्याचा विश्वास बसणार नव्हता, नाही म्हणाली तर मग पुढं काय होतं? तो हात धुऊन बसला. आईचा चेहरा चुलीच्या उजेडात तापल्यासारखा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे त्यानं आजवर पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला नाव देता येईना. ती जिवंत बाईसारखी दिसत होती, एवढंच त्याला म्हणता आलं असतं.

"आई," तो म्हणाला.

"काय रं?"

 आईनं फाटलेल्या भाकरीचा मोठा तुकडा मोडून त्याच्या ताटात टाकला, चाचपून चाचपून कालवणाची वाटी त्याच्याकडं सरकवली.

"जेव पोटभर," ती म्हणाली. "लांब जायचं हाय आपल्याला."